कॅसीबद्दलही बोलूया
हॅरिएट बीचर स्टोवच्या 'अंकल टॉम्स केबिन' (१८५२) या अमेरिकेतल्या गुलामगिरीवरच्या कादंबरीतल्या बायका नुसत्या रडतात, असं एक मत ऐकलं; ते मला अजिबात पटलं नाही. मेरी बर्डच घ्या. पळालेल्या गुलामांना मदत करण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्याच्या बाजूने मत देऊन सिनेटर नवरा घरी येतो, तेव्हा ती त्याला तोंडावर सांगते की संधी मिळताच मी हा कायदा मोडणार. त्याच रात्री पळालेली गुलाम एलायझा लेकराला घेऊन तिच्या दारी येते.

पण मेरीला घर आहे, मान आहे. लेग्री या मळेवाल्याची गुलाम असलेल्या कॅसीकडे काय होतं? तरी लेग्रीची भुतांची भीती ओळखून ती एमेलीन या दुसऱ्या गुलाम मुलीला घेऊन, तो भीतीने जिथे फिरकत नाही अशा त्याच्याच माळ्यावर लपते, आणि दोघी निसटतात. कादंबरीतला सगळ्यात धाडसी प्रतिकार मला हाच वाटतो.