'रिपोर्ट व्ह्यूअर' आणि 'रिपोर्ट डिझायनर' : मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : वडोदऱ्यातील एका पतसंस्थेच्या वेब-प्रणालीची माहितीपुस्तिका मी मराठीत लिहीत आहे. प्रणालीत रिपोर्ट व्ह्यूअर व रिपोर्ट डिझायनर नव्याने जोडले आहेत. त्यांना 'अहवाल दर्शक' आणि 'अहवाल रचनाकार' म्हणावे का? आमच्या गुजराती सहकाऱ्यांना 'दर्शक' म्हणजे पाहणारा माणूस वाटतो. शिवाय ते प्रणालीत जोडण्याच्या कामाला, म्हणजे 'इंटिग्रेशन'ला, 'एकात्मीकरण' लिहावे का?

उत्तर १ : ताई, गुजराती आणि हिंदीपुरते त्यांचे बरोबर आहे. मराठीत मात्र 'दिशादर्शक', 'मार्गदर्शक' यांत दाखवतो तो दर्शक, आणि व्ह्यूअरचे काम तेच आहे : तारीख, शाखा असे निकष विचारून घ्यायचे, सर्व्हरने तयार केलेला अहवाल ब्राउझरमध्ये पानापानाने दाखवायचा आणि हवा तर पीडीएफ किंवा एक्सेलमध्ये उतरवून द्यायचा. तेव्हा 'अहवालदर्शक' असा जोडशब्दच लिहावा. 'अहवाल' तर गुजरातीतही 'अहेवाल' म्हणून नांदतोच.

'रचनाकार' मात्र मला पटत नाही. कादंबरीकार, शिल्पकार, सगळी माणसेच. इथे तर साधन आहे. शिवाय त्यात तयार होतो तो अहवाल नव्हेच. मथळा कुठे, खातेदाराची ओळ कुठे, शाखेची बेरीज कुठे, आकडे कोणत्या तक्त्यातून घ्यायचे, एवढे वर्णन साठवले जाते (बऱ्याच उत्पादनांत एक्सएमएल फाइल म्हणून) आणि आकडे भरतात ते अहवाल चालवल्यावर. त्या वर्णनाला 'अहवाल-आराखडा' आणि ते जिथे तयार करतात त्या डिझायनरच्या पडद्याला 'अहवाल-मांडणी' म्हणावे. हा भेद पुस्तिकेत ठळक हवा, कारण दर्शक प्रत्येक कारकुनाला देता येतो, पण मांडणीत विदेची पृच्छाही (कोणता डेटा मागवायचा ती क्वेरी) बदलता येत असल्याने तिचा अधिकार मोजक्यांनाच द्यावा लागतो.

उत्तर २ : दादांशी सहमत, तरी बटणावर 'रिपोर्ट डिझायनर' हेच राहू द्यावे, कारण अडचण आल्यावर फोनवर सगळे तेच म्हणणार. पुस्तिकेच्या शेवटी मराठी-गुजराती शब्द शेजारीशेजारी द्यावेत. वडोदऱ्याला ही रीत नवी नाही : १९३१ च्या 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' या कोशात कारभारातील इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी आणि इतर भाषांतील पर्याय असेच एकत्र दिले आहेत.

उत्तर १ : 'इंटिग्रेशन'ला 'एकात्मीकरण' लिहू नये, तो शब्द राष्ट्रीय एकात्मतेच्या फलकावरून उतरल्यासारखा वाटतो. आपल्या पानात घटकाची, म्हणजे व्ह्यूअर किंवा डिझायनरची, स्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्राम) घेणे, त्याला अहवालसेवेचा पत्ता देणे आणि सेवा वेगळ्या डोमेनवर (वेबपत्त्यावर) असल्यास तिच्या सर्व्हरवर आपल्या डोमेनला परवानगी देणे, या साऱ्याला 'पानात बसवणे' पुरते.