स्वामित्वहक्क की प्रताधिकार?

मालवणहून: दशावतारावर, म्हणजे आमच्या कोकणातल्या लोकनाट्यावर, माहितीपट करतोय. कलाकारांच्या सहीसाठी मराठीत संमतिपत्र लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत अडलो. 'कॉपीराइट'ला काय लिहू? 'स्वामित्वहक्क' वाचून नाटक कंपनीचे मालक म्हणाले, "म्हणजे नाटकाचो मालक आता तू?"

रत्नागिरीहून: त्यांचं काय चुकलं? आमच्याकडे स्वामित्वधन म्हणजे चिऱ्याच्या खाणीपोटी सरकारला भरायचे पैसे. 'स्वामित्व' म्हटलं की सातबारा डोळ्यांपुढे येतो. 'प्रताधिकार' लिहा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं हिंदी नाव 'प्रतिलिप्यधिकार अधिनियम' आहे, त्यातून आपण सुटलो!

वेंगुर्ल्याहून: सुटसुटीत आहे, पण तोकडा. रूपांतर, भाषांतर, जाहीर प्रयोग हे 'प्रत' या शब्दात कुठे मावतं? शिवाय दशावतारी संवाद आयत्या वेळी रचतो, हातात संहिता नसते. तुम्हाला त्याची संमती हवी ती कलम 38 मधल्या सादरकर्त्याच्या हक्कासाठी. तो 50 वर्षांचा, आणि प्रताधिकाराहून वेगळा. पेटीवर सिनेमातली चाल वाजली तर हक्कदार आणखी तिसराच. संगीतकार गेल्यावरही 60 वर्षं.

मालवणहून: आणि जत्रेत मागे कर्ण्यावर गाणं लागलेलं असतं ते? कलम 52 मध्ये 'आनुषंगिक' ते माफ आहे ना?

वेंगुर्ल्याहून: ते चित्रा-शिल्पांपुरतं. देवळाच्या भिंतीवरचं चित्र ओझरतं आलं तर चालतं. त्या पोटकलमात गाणं नाही. परवानगी काढा, नाहीतर तो प्रवेश कर्णा नसताना पुन्हा घ्या. (आणि 'आनुषंगिक' कशाला, 'ओझरतं'च लिहा.)

देवगडहून: तुमचा सगळा खरा, पण कागदात मान खंय? पालखीचा मान असतो त्याच्या नावावर देऊळ नसतं, तरी त्याला डावलून पालखी हलत नाही. कायद्यातही कलाकाराला असा हक्क आहे, 2012 च्या दुरुस्तीने आलेला: नाव लागलं पाहिजे आणि कामाची मोडतोड करून नाचक्की होता कामा नये. त्याला मराठीत 'नैतिक हक्क' म्हणतात. चारित्र्याचा दाखला मागितल्यासारखं वाटतं.

मालवणहून: मग लिहितो, "चित्रपटात सादरकर्त्याचं नाव येईल आणि त्याचा मान राखला जाईल." पण 'सादरकर्ता' कोणाला कळणार?

देवगडहून: 'दशावतारी' लिही की रे.