फक्त शेंडा की पूर्ण नाक?
ताई, नाकाचा शेंडा झुकलाय, दांडीवर थोडा उंचवटाही आहे, मग सर्जरी फक्त शेंड्याची करावी का, असं विचारलंत. शेंडा बोटाने हलकेच वर उचलून बाजूने फोटो काढा. रेषा सरळ दिसली तर शेंड्याची सर्जरी बहुधा पुरेल. त्यात फक्त कूर्चेला (हाडापेक्षा मऊ, लवचीक भागाला) आकार देतात, हाडाला हात लावत नाहीत. पण शेंडा मागे घ्यायचा असेल तर उंचवटा आणखी उठून दिसतो, तेव्हा पूर्ण नाकाचीच करा. त्यात हाड कापलं तर साधारण आठवडाभर स्प्लिंट (नाकावरची आधारपट्टी), आणि ४ ते ६ आठवडे चष्म्याचा भार नाकावर नको. सर्जरीसाठी नाशिकहून मुंबईला जाणार असाल तर स्प्लिंट काढेपर्यंतचा मुक्काम धराच. शेंड्याची सूज मात्र दोन्हीत वर्षभर रेंगाळू शकते, जाड त्वचेत जास्तच. श्वास अडत असेल तर नाकातला मधला पडदा आधी तपासून घ्या.