सिम्युलेशन बघून पोरांना कळतं पण हाताने?

नववी-दहावीला शिकवते. फेटचं (PhET, विज्ञान-गणिताच्या मोफत सिम्युलेशनची वेबसाइट) कूलॉम्बच्या नियमाचं, म्हणजे दोन विद्युतभारांमधल्या बलाचं सिम्युलेशन दाखवलं, अंतर निम्मं केलं की बल चौपट होतं हे पोरं बघतात, पण नंतर विचारलं तर गप्प! काय करू?

🔹 मॅडम, आधी हातात दोन चुंबक द्या, एकसारखे ध्रुव समोरासमोर धरून हळूहळू जवळ आणायला सांगा, ढकलणं कसं एकदम वाढतं ते बोटांना कळतं आणि मग स्क्रीनवरचा बलाचा बाण बघितला की त्याला अर्थ येतो. फक्त चुंबकांचं बल 'अंतर निम्मं की बल चौपट' या नियमाने जात नाही हे जरूर सांगा, नाहीतर वेगळाच गैरसमज.

🔹 माझं मत, हातवारे जास्त महत्त्वाचे. स्लायडर हलवायच्या आधीच "आता काय होईल ते हाताने दाखवा" म्हणा. शिकागो विद्यापीठाच्या सुझन गोल्डिन-मेडो यांच्या गटाने गणितात दाखवलंय की हातवारे करत शिकलेल्या मुलांच्या जास्त लक्षात राहतं. आणि तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवणारा उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम तरी दुसरं काय आहे?

🔹 फेटच्याच गुणोत्तर-प्रमाणाच्या सिम्युलेशनमध्ये दोन हात वरखाली करून गुणोत्तर टिकवायचं असतं, ते आधी करून घ्या, पोरांना फार आवडतं.

मॅडम: उद्याच चुंबक नेते! 🙏