बाभळीचा काटा आणि पुन्हा पुन्हा होणारं पंक्चर

सायकलला नवी ट्यूब टाकूनही दोन किलोमीटरवर हवा जाते, असं का होतं, हा नेहमीचा प्रश्न. दोष ट्यूबचा नाही. बाभळीचा काटा टायरात मोडतो, टोक आत राहतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. टायर पूर्ण उतरवून आतून कापसाचा बोळा फिरवा. कापूस तर आपल्याकडे घरोघरी. तंतू अडकले की तिथेच टोक. बारीक चिमट्याने ओढा, बोटाने चाचपू नका. टायरवरचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर ठेवून बसवा, म्हणजे ट्यूबच्या भोकावरून टायरातली जागा लगेच सापडते.

पॅचला घाई नको. ट्यूब भोकाभोवती पॉलिश पेपरने घासा, सोल्युशन (पॅच चिकटवायचा गोंद) पातळ लावा, चकाकी जाईपर्यंत, साधारण 5 मिनिटं, थांबा आणि मग जोरात दाबा. ओल्यावर चिकटवलेला पॅच मेच्या उन्हात हमखास सुटतो. एकदा फोडलेलं सोल्युशन वाळतं, म्हणून लांबच्या प्रवासाला एक न फोडलेलं सोबत हवंच.

पावसाळ्यात पांदण रस्ता, म्हणजे शेतातली कच्ची वाट, टाळाच. काळी माती मडगार्डात अशी गच्च बसते की चाक फिरत नाही. जावंच लागलं तर आधी मडगार्ड काढा.