चेक इंजिनची लाईट मधेच लागते मधेच जाते, हेडर बसवल्यापासून

गंगाखेड_अपडाऊन:
राम राम मंडळी. गाडी पेट्रोल स्विफ्ट, २०१४ ची. दिवाळीच्या आधी ४-२-१ हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणारे पाइप), मागं मोठं सायलेन्सर अन् कोन फिल्टर (उघडा एअर फिल्टर) बसवलं, रिमॅप, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरची सेटिंग, नाही केला. तेव्हापासून चेक इंजिनची लाईट डोकं खायलीय. दोन-तीन दिवस लागते मग आपोआप जाते, आठ दिवस काहीच नाही, अन् मग एखाद्या सकाळी पुन्हा हजर. रोज परभणी-गंगाखेड ये-जा आहे माझी. पिकअप ठीक आहे, ॲव्हरेज १७ चं १५ वर आलंय पण ते माझ्या पायामुळं पण असंल, नवीन आवाज ऐकायला मजा येते न राव. गॅरेजवाल्यानं दोनदा स्कॅनर लावून लाईट उडवली, कोड काय होता विचारलं तर म्हणे सेन्सरचा हाय. आता म्हणायलाय ऑक्सिजन सेन्सर बदला, साडेपाच हजार. बदलू का?

बिनधास्त_बीडकर:
काही नको करू भावा. बॅटरीचं मायनस काढ, चहा पिऊन ये, परत लाव. लाईट गायब. मी वर्षभर हेच करायलोय.

जालन्याचा_मिस्त्री:
बीडकर, लाईट जाते पण त्याच्यासोबत सगळा पुरावा पण जातो की. ओ गंगाखेडवाले, सेन्सर घेऊ नका अजून, अन् कोणालाच लाईट उडवू देऊ नका. लाईट लागते त्या क्षणाचे आकडे ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, जपून ठेवतो, त्याला फ्रीज फ्रेम म्हणतात, गाडी उभी होती का पळत होती, इंजिन किती गरम होतं, सगळं त्यात असतं अन् कोड उडवला की तेही साफ. मधेच लाईट लागणाऱ्या गाडीत तेवढाच एक साक्षीदार असतोय. आपोआप का जाते म्हणाल तर बहुतेक गाड्यांत लागोपाठ दोन फेऱ्यांत बिघाड दिसला की लाईट लागते, मग तीन फेऱ्या चांगल्या गेल्या की विझते. पण कोड आत राहतोच, इंजिन चाळीसेक वेळा थंडगरम होईस्तोवर. म्हणजे लाईट गेली म्हणून दुखणं गेलं असं नाही.
स्टेअरिंगखाली १६ पिनांचा सॉकेट आहे, त्यात लावायचं ब्लूटूथवालं ईएलएम ३२७ डोंगल कोणाकडून तरी मागा अन् फोनवर कोड, फ्रीज फ्रेम, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्यूल ट्रिम बघून इथं टाका. एक सांगून ठेवतो, लाईट लुकलुकायली तर तो मिसफायर असतो, म्हणजे सिलिंडरात पेट्रोल नीट पेटत नाही, तेव्हा दामटू नका, कॅटॅलिटिक (धूर साफ करणारा डबा) जळतं.

सेलूचा_कापूस:
कोन फिल्टरला तेल लावलं का? जास्त झालं की एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं अन् रीडिंग गंडतं. माझ्या जुन्या गाडीला हेच झालं होतं.

गंगाखेड_अपडाऊन:
मेव्हण्याकडं डोंगल होतं, आणलं. कोड पी०१७१. फ्रीज फ्रेम अशी आहे: स्पीड ०, आरपीएम ७८०, कूलंट ६१ डिग्री, शॉर्ट टर्म +१४.१, लाँग टर्म +२१.९. आज दुपारी गंगाखेडहून आल्यावर गरम गाडीत बघितलं तर आयडलिंगला लाँग टर्म +९ च्या आसपास, अन् २५०० आरपीएमला धरून ठेवली तर +३. फिल्टरच्या पाइपला सेन्सरच नाहीए कापूसभाऊ, मॅनिफोल्डवर (इंजिनात हवा वाटणाऱ्या नळीवर) एक छोटा आहे तेवढाच. ट्रिम म्हणजे काय ते मात्र कळालं नाही.

जालन्याचा_मिस्त्री:
वा, हे असं लिहावं. ट्रिम म्हणजे ईसीयूनं आपल्या हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी टाकलं ते, शॉर्ट टर्म म्हणजे त्या घडीचं, लाँग टर्म म्हणजे शिकून ठेवलेलं. पी०१७१ म्हणजे त्याला मिश्रण पातळ दिसायलंय, हवा जास्त पेट्रोल कमी, म्हणून तो ओततोय. पेट्रोल पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर आरपीएम वाढवल्यावर ट्रिम अजून चढली असती, तुमची उतरायलीय, म्हणजे कुठूनतरी हवा शिरायलीय. आता गंमत बघा, तुमच्या मॅनिफोल्डवरचा तो छोटा म्हणजे मॅप सेन्सर, आतलं प्रेशर मोजणारा. मॅपवाल्या गाडीत मॅनिफोल्डला हवा शिरली तर सेन्सरला प्रेशर वाढलेलं दिसतं, ईसीयू त्या मानानं पेट्रोल टाकतो, त्यामुळं आयडलिंग चढतं, पातळचा कोड सहसा येत नाही. तुमचं ७८० म्हणजे नीटच आहे. मग हवा इंजिनात नाही, इंजिनाच्या पुढं शिरायलीय, हेडरच्या जोडावर, ऑक्सिजन सेन्सरच्या आधी. आयडलिंगला धूर धक्क्याधक्क्यानं निघतो, दोन धक्क्यांच्या मधी फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर बिचारा खरंच सांगायलाय की ऑक्सिजन जास्त आहे. नवीन बसवला तरी तोही हेच सांगणार.
अन् सकाळीच का? परभणीची थंडी तुम्हाला मी काय सांगू. लोखंड आखडलेलं असतं, फट उघडी. गाडी तापली की लोखंड फुगून फट बरीचशी मिटते. सकाळी चालू केल्याकेल्या टॅपेटसारखी टिकटिक येती का, जी पाच-सात मिनिटांत जाते?

गंगाखेड_अपडाऊन:
येते!! मी समजायलो हेडरचा आवाजच तसा असतोय.

जालन्याचा_मिस्त्री:
मग झालं. थंड अन् बंद गाडीत सायलेन्सरच्या तोंडाला घरातला ब्लोअर लावा, भोवती चिंधी गुंडाळा, अन् जोडावर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे येतील तिथं फट. काळी काजळी पण शोधा. सेन्सरची वायर हेडरला टेकत नाही ना तेवढं बघून घ्या. आणि ॲव्हरेज तुमच्या पायानं नाही पडलं, नसलेल्या दुष्काळावर ईसीयू पेट्रोल ओतायलाय.

बिनधास्त_बीडकर:
मिस्त्री, माझी पण बघता का?

जालन्याचा_मिस्त्री:
आधी वर्षभर बॅटरी काढू नका, मग बघू.

गंगाखेड_अपडाऊन:
रविवारी उघडलं. चौथ्या पोर्टजवळ बुडबुडेच बुडबुडे. पॅकिंग तिथं जळून काळं पडलेलं अन् हेडरची फ्लँजच (इंजिनला टेकणारी सपाट पट्टी) वाकडी, पट्टी धरून फिलर गेज (फट मोजायची पाती) घातला तर ०.३० मिलिमीटरचं पातं सरळ आत. ज्यानं बसवलं त्यानं पॅकिंग जुनंच वापरलं होतं, विचारलं तर म्हणतो चालतंय की. लेथवर फेस मारून घेतला, नवीन पत्र्याचं पॅकिंग, नट मधून बाहेर असे आवळले, दोन दिवस चालवून थंड गाडीत पुन्हा एकदा. सगळे मिळून नऊशे गेले. मग कोड मीच उडवला. आज पहाटेच्या थंडीत आयडलिंगला लाँग टर्म +२.३, सेन्सर जुनाच. टिकटिक बंद. आवाज पण थोडा कमी झाला गाडीचा, त्याचं मात्र वाईट वाटायलंय.