गच्चीवर कोणता अँटेना बसवावा? (मदत हवी आहे)

उंबरठा : नमस्कार. गच्चीवरचा टीव्हीचा जुना अँटेना बदलायचा आहे. चित्र मधूनच चौकोनी तुकड्यांत फुटते, आवाज तुटतो आणि काही वाहिन्या अजिबात लागत नाहीत. दुकानात 'डिजिटल अँटेना' म्हणून दोन दाखवले, एकाला १७ दांड्या आहेत आणि दुसऱ्याला ३३. यांपैकी कोणता घ्यावा एवढेच कृपया सांगावे, कारण मला हे काम याच आठवड्यात उरकायचे आहे.

रेडिओमित्र : एवढ्या माहितीवर उत्तर देणे म्हणजे अंदाज बांधणे होईल. प्रक्षेपण मनोरा किती दूर आहे, मध्ये टेकडी किंवा इमारती आहेत का, केबल किती लांब आहे आणि संच किती आहेत? शिवाय 'डिजिटल अँटेना' असा वेगळा प्रकार नसतो. अँटेना रेडिओलहरी पकडतो. त्या लहरींवर चित्र कोणत्या पद्धतीने चढवले आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

अवकाश : हा सगळा खटाटोप सोडून उपग्रहाची तबकडी बसवावी. आमच्याकडे ती कित्येक वर्षे विनातक्रार चालू आहे.

उंबरठा : तबकडी नको, असे घरात आधीच ठरले आहे. मनोरा सुमारे ३० किलोमीटरवर असून रात्री त्याचा लाल दिवा गच्चीवरून दिसतो. आता तरी सांगता येईल का?

गच्चीवरून : सरळ ३३ दांड्यांचा यागी (एका दिशेला रोखलेला, ओळीने दांड्या लावलेला अँटेना) घ्यावा आणि त्याला अँप्लिफायर (संकेत वाढवणारे उपकरण) जोडावा. शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी या जपानी संशोधकांची ही रचना १९२६ पासून टिकून आहे, ती उगाच नव्हे. मी अँप्लिफायर लावला त्या दिवसापासून माझ्या सर्व तक्रारी मिटल्या.

रेडिओमित्र : मी याच्याशी सहमत नाही. दिवा दिसतो याचा अर्थ मनोरा नजरेच्या टप्प्यात आहे, म्हणजे गच्चीवर संकेत बहुधा पुरेसा असणार. तिथे अँप्लिफायर लावला तर तो अतिभाराने उलट बिघाड करू शकतो. दांड्या दुप्पट केल्या तरी लाभ (एका दिशेचा संकेत पकडण्याची क्षमता) जेमतेम ३ डेसिबलने (संकेताच्या ताकदीची तुलना करण्याचे एकक) वाढतो आणि अँटेना मात्र वाऱ्यात अधिक हेलकावतो. केबलविषयी विचारले होते, त्याचे उत्तर अजून आलेले नाही.

गच्चीवरून : माझ्या घरी झाडांच्या आडून संकेत येतो, तिथे अँप्लिफायरशिवाय चित्रच दिसत नव्हते. अनुभव खोटा कसा म्हणणार?

तंत्रमार्ग : अनुभव खरा आहे, पण परिस्थिती वेगळी आहे. उंबरठा, चित्र नेमके कधी फुटते? पाऊस पडून गेल्यावर त्रास वाढतो का? आणि न लागणाऱ्या वाहिन्या कोणत्या कंप्रतेवर (फ्रिक्वेन्सीवर) आहेत?

उंबरठा : होय, पावसानंतर दोन-तीन दिवस त्रास फार वाढतो. केबल जुनी, बारीक आणि सुमारे ४० मीटर लांब आहे. मध्ये चिकटपट्टी गुंडाळलेला एक जोड आहे आणि खाली स्प्लिटर (एका केबलचा संकेत वाटून देणारा जोड) लावून दोन संच चालवतो. हे सांगण्यासारखे वाटले नव्हते. न लागणाऱ्या वाहिन्या १९० मेगाहर्ट्झच्या आसपास आहेत, बाकीच्या ५०० च्या पुढे.

तंत्रमार्ग : म्हणजे हे दोन वेगळे दोष आहेत. बारीक केबल ६०० मेगाहर्ट्झला ४० मीटरमध्ये सुमारे १० डेसिबल खाते आणि स्प्लिटर आणखी साडेतीन, म्हणजे अँटेन्याने पकडलेल्या शक्तीचा जेमतेम विसावा हिस्सा संचापर्यंत पोहोचतो; त्यातच जोडात पाणी शिरले की संकेत काठावरून खाली घसरतो. पूर्वीच्या प्रक्षेपणात अशा वेळी चित्रावर मुंग्या येत आणि तरी ते पाहता येई, पण डिजिटल चित्र एक तर स्वच्छ दिसते, नाही तर फुटते, मधली अवस्था फार अरुंद असते. म्हणून आधी जोड काढून आरजी-६ जातीची (जाड, कमी संकेत गमावणारी) अखंड केबल टाकावी.

दुसरा दोष अँटेन्याचा आहे. दांडीची लांबी साधारण लहरीच्या अर्ध्या तरंगलांबीएवढी लागते. ६०० मेगाहर्ट्झची अर्धी तरंगलांबी २५ सेंटिमीटर भरते, तर १९० ची जवळजवळ ७९. आखूड दांड्यांच्या अँटेन्याला खालच्या बँडवरच्या (कंप्रतेच्या पट्ट्यातल्या) वाहिन्या नीट पकडता येत नाहीत. दोन्ही बँड सांभाळणारा लॉग-पिरियॉडिक (क्रमाने लहान होत जाणाऱ्या दांड्यांचा) अँटेना घ्यावा. त्याचा लाभ लांब यागीपेक्षा कमी असतो, पण मनोरा समोर असताना तो पुरेल.

गच्चीवरून : खांबाला भूसंपर्क (अर्थिंग) जोडावा, हेही सांगायला हवे.

उंबरठा : जोड उघडला तर आतली जाळी काळी पडली होती. नवी केबल टाकून, स्प्लिटर वगळून एकच संच लावला आणि जुन्याच अँटेन्यावर वरच्या बँडच्या वाहिन्या दोन दिवस स्थिर आहेत. आता लॉग-पिरियॉडिक आणणार आहे. शेजारच्या अँटेन्यांच्या दांड्या उभ्या आहेत, माझ्या मात्र आडव्या; त्याने फरक पडतो का?

रेडिओमित्र : फार फरक पडतो. मनोरा उभ्या ध्रुवणाने (लहरींचे कंपन उभ्या दिशेत ठेवून) प्रक्षेपण करत असेल, तर आडव्या अँटेन्यात १५ ते २० डेसिबल सहज गमावले जातात. तुमच्या मनोऱ्याचे ध्रुवण आधी तपासावे आणि ते उभे निघाले तर नवा अँटेना खांबावर ९० अंशांत वळवून बसवावा. संचाच्या मेनूमध्ये संकेताची ताकद आणि गुणवत्ता अशा दोन पट्ट्या असतात. दिशा जुळवताना गुणवत्तेची पट्टी पाहावी.